चेंडू नेहमी अलीकडेच का पडतो?

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे 'श्रीमंतांचा खेळ' असं म्हणून विषय तिथेच संपवतात. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये चुकून गोल्फचं चॅनल लागलं तर रिमोटसाठी जी झुंबड उडते ती सगळ्यांनी पाहिलेली आहे! पण इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ एकदा तरी बारकाईने बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोजेक्टाइल मोशन, फ्लुइड मेकॅनिक्स, इम्पॅक्ट आणि स्टॅटिस्टिक्स हे चार विषय एकाच फटक्यात भेटतात, आणि तेही सबमिशनशिवाय.

या लेखात मी एकच प्रश्न घेतला आहे. हौशी गोल्फर ग्रीनवर चेंडू टाकायला जातो, तेव्हा तो चेंडू बहुतेक वेळा फ्लॅगच्या अलीकडेच का पडतो? कधी अलीकडे, कधी पलीकडे असं का होत नाही? नेम चुकतो हे ठीक आहे, पण तो नेहमी एकाच बाजूला का चुकतो? एकाच बाजूला होणाऱ्या चुकीला आपण मेजरमेंटच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून 'सिस्टिमॅटिक एरर' म्हणत आलो आहोत. अशी एरर दिसली की तिच्यामागे कारण असतंच.

थोडी तोंडओळख

ज्यांना गोल्फची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होलच्या भोवती बारीक कापलेल्या गवताचा जो गोलसर भाग असतो ते ग्रीन. होलमध्ये फ्लॅग उभा असतो. लांबून या ग्रीनवर चेंडू टाकायचा जो फटका, तो ॲप्रोच शॉट. ग्रीनच्या आसपास वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. कोर्स डिझाइन करणारी मंडळी हे बंकर आणि पाणी पुष्कळदा ग्रीनच्या पुढच्या बाजूला ठेवतात. म्हणजे चेंडू अलीकडे पडला की शिक्षा ठरलेलीच!

खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. आयर्न क्लबना नंबर असतात. नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. सातपेक्षा सहा नंबर साधारण १० ते १२ यार्ड लांब जातो. म्हणून 'एक क्लब जास्त घे' याचा अर्थ एक नंबर कमी घे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. अंतर यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारी साडीतला. मी पुढे 'वार'च म्हणणार आहे.

हा एक शॉट इतका महत्त्वाचा का? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची आकडेवारी तपासून २०१४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की चांगला आणि साधारण खेळाडू यांच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० वारांपलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो. आपल्याला वाटतं की सगळा खेळ ग्रीनवरच्या नाजूक टिचकीत आहे. खरा हिशोब त्याच्या आधीच झालेला असतो.

कळसूबाईच्या शिखरावरून

आता मुद्द्याकडे वळू. क्लब चेंडूवर आदळतो ती टक्कर आपण फर्स्ट इयरला शिकलेलीच आहे. क्लबच्या टोकाचं वजन सुमारे २०० ग्रॅम, चेंडूचं जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ड्रायव्हर नावाच्या सर्वांत लांब क्लबसाठी कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन नियमांनुसार सुमारे ०.८३ पर्यंतच चालतो. मोमेंटमचं समीकरण मांडलं तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपटीच्या आसपास येतो. आयर्नमध्ये क्लबचा चेहरा तिरका असल्यामुळे हा आकडा आणखी कमी असतो. यावर जाता येत नाही. छत आहे ते!

हा जास्तीत जास्त वेग कधी मिळतो? चेंडू क्लबच्या अगदी मध्यभागी लागला तर. एक-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे लागला की क्लब हातात फिरतो, थोडी ऊर्जा त्या फिरण्यात जाते आणि चेंडूचा वेग काही टक्क्यांनी घटतो. वेग घटला की अंतर त्याच प्रमाणात किंवा त्याहून थोडं जास्त घटतं. क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसला तर मग विचारायलाच नको, १० ते ४० वार कुठे जातात कळतसुद्धा नाही.

कल्पना करा की तुम्ही कळसूबाईच्या शिखरावर उभे आहात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथून कुठल्याही दिशेला पाऊल टाका, तुम्ही खालीच येणार. मध्यभागी बसलेला फटका म्हणजे हे शिखर. तिथून चूक डावीकडे होवो, उजवीकडे होवो, वर होवो की खाली होवो, अंतर कमीच होणार. अपवाद आहेत. क्लबची धार चेंडूच्या पोटात बसली तर चेंडू जमिनीलगत सुसाट पळतो, आणि क्लब व चेंडूच्या मध्ये गवत आलं तर स्पिन कमी होऊन तो कधीकधी जास्त लांब जातो. पण हे अपवादच. फटक्यांच्या अंतराचा ग्राफ काढला तर तो घंटेसारखा दोन्ही बाजूंना सारखा दिसत नाही. उजवीकडे भिंत आणि डावीकडे लांबलचक शेपूट, असा दिसतो.

एक उदाहरण

समजा एका हौशी खेळाडूने सात नंबरने १० चेंडू मारले. (आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत.) हवेतून गेलेलं अंतर वारांमध्ये असं: १५०, १४८, १४६, १४५, १४२, १४१, १३७, १३२, १२५, १०४.

या खेळाडूला विचारा, "तुमचा सात नंबर किती जातो?" तो छाती पुढे काढून सांगणार, "दीडशे!" आणि तो खोटं बोलत नाही. गेलाय की एकदा! पण सरासरी काढा. बेरीज १३७०, सरासरी १३७. आपल्या मनातल्या आकड्यापेक्षा तब्बल १३ वार कमी, म्हणजे पूर्ण एक क्लब.

आता ग्रीनची पुढची कड १४० वारांवर, फ्लॅग १५० वर आणि मागची कड १७० वर आहे असं धरू. सात नंबरने १० पैकी ६ चेंडू ग्रीनवर पडतात, ४ पुढच्या बंकरमध्ये, आणि फ्लॅगच्या पलीकडे एकही जात नाही. त्याच खेळाडूने तसेच फटके सहा नंबरने मारले आणि प्रत्येक चेंडू १२ वार जास्त गेला तर? १६२, १६०, १५८, १५७, १५४, १५३, १४९, १४४, १३७, ११६. आता ८ चेंडू ग्रीनवर. पडल्यावर चेंडू थोडा पुढे सरकला तरी मागून एकही बाहेर जात नाही. सरासरी १४९, म्हणजे जवळजवळ फ्लॅगवरच. स्विंग सुधारला नाही, कोच लावला नाही, नवीन क्लब घेतला नाही. फक्त बॅगेतून दुसरी काठी काढली!

मग दोन क्लब जास्त घेतले तर आणखी चांगलं का? नाही. त्या हिशोबात सगळ्यात चांगले दोन फटके, १७४ आणि १७२, मागच्या कडेच्या पलीकडे जातात. म्हणजे 'जोरात मारा' हा सल्ला इथे नाही. आपली सरासरी ओळखा, एवढंच.

अंतर खाणारे आणखी काही चोर

पहिला चोर म्हणजे घरंगळण. मे महिन्यात मैदान तव्यासारखं तापलेलं असतं, चेंडू पडून १०-१५ वार सहज पळतो. खेळाडू ते सगळं धरून 'दीडशे' म्हणतो. पण समोर बंकर असेल तर घरंगळणारा चेंडू कामाचा नाही, हवेतून किती गेला तेच महत्त्वाचं. पावसाळ्यात तर घरंगळण जवळजवळ शून्य.

दुसरा चोर म्हणजे खूण. कोर्सवरची १५० वारांची खूण साधारणपणे ग्रीनच्या मध्यापर्यंत मोजलेली असते. फ्लॅग त्या दिवशी मागे लावलेला असेल तर १०-१५ वार तिथेच वाढले.

तिसरा वारा. समोरचा वारा जेवढं नुकसान करतो तेवढा फायदा मागचा वारा करून देत नाही. ड्रॅग हा हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शिवाय समोरच्या वाऱ्यात बॅकस्पिनमुळे मिळणारी लिफ्टही वाढते आणि चेंडू पतंगासारखा वर चढून तिथेच थबकतो.

चौथा, हवेची घनता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे ५ टक्के विरळ, त्यामुळे पुण्यातले १५० वार मुंबईत ढोबळमानाने ३ वारांनी कमी भरतात. मुंबईत मात्र खेळाडू दोष देतात दमटपणाला. "आज हवा जड आहे." खरं म्हणजे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! पाण्याच्या वाफेचा मॉलिक्युलर मास १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. केमिस्ट्रीच्या व्हायवात हा प्रश्न आला तर माझी आठवण काढा.

पाचवा चोर सगळ्यात मजेशीर, तो म्हणजे क्लबवरचा नंबर. काही दशकांपूर्वी सात नंबरचा चेहरा ३६ अंशांच्या आसपास तिरका असे. आज बाजारात ३० अंशांचे, काही तर त्याहूनही उभे सात नंबर मिळतात. कंपन्यांनी जुन्या सहाला किंवा पाचला 'सात' म्हणायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक खूश! म्हणजे शेजारचा सात नंबर घेतो म्हणून आपणही सात घेणं याला तांत्रिकदृष्ट्या काहीच अर्थ नाही.

कॅडीला माहीत असतं

माझा मामा पुण्यात रविवारी गोल्फ खेळतो. गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर एका कोर्सवर चालत होते. बरोबर एक पन्नाशीचे कॅडी होते. एका ठिकाणी मामाने हात पुढे केला.

"साहेब, सहा घ्या," कॅडी म्हणाले.

"अहो, दीडशेच तर आहे. सात द्या."

त्यांनी सात दिला. चेंडू सुंदर उंच उडाला आणि बंकरमध्ये जाऊन बसला. "वारा आला मधेच," मामा म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पुढच्या होलकडे जाताना मी कॅडींना हळूच विचारलं, "सात नंबरने मामाचा चेंडू खरा किती जातो?"

ते क्षणभरही थांबले नाहीत. "एकशे पस्तीस, चाळीस. एखादा दीडशे जातो, तो साहेबांच्या लक्षात राहतो. बाकीचे माझ्या."

"मग तुम्ही आग्रह का नाही करत?"

"एकदा सांगतो ताई. दुसऱ्यांदा सांगणं आपलं काम नाही."

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या मैदानावर संपूर्ण डेटा एकाच माणसाकडे होता आणि निर्णय घ्यायचा अधिकार दुसऱ्याकडे. आणि ज्याच्याकडे अधिकार होता त्याच्याकडे फक्त आपल्या सर्वोत्तम फटक्याची आठवण होती.

मोठ्यांचंही असंच होतं का?

प्रोफेशनल खेळाडूंना आपलं अंतर वाराच्या हिशोबात पाठ असतं. तरीही अलीकडे पडणं त्यांना चुकत नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा १२वा होल फक्त १५५ वारांचा. ग्रीन उथळ आणि तिरकं, पुढे रेज क्रीक नावाचा ओढा, आणि वारा कधी कुठून येईल ते सांगता येत नाही. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ आघाडीवर असताना इथे दोनदा पाण्यात गेला आणि तीन फटक्यांच्या होलवर त्याने सात फटके घेतले. २०१९ मध्ये शेवटच्या दिवशी शेवटच्या दोन गटांतल्या सहा खेळाडूंपैकी चौघांचे चेंडू याच ओढ्यात गेले. त्यात आघाडीवर असलेला मोलिनारीही होता. टायगर वुड्सने मात्र फ्लॅगचा मोह सोडला, डावीकडे बंकरच्या वरून ग्रीनच्या सुरक्षित भागावर चेंडू टाकला, तीन फटक्यांत होल पूर्ण केला आणि पुढे एका फटक्याने स्पर्धा जिंकली. २००८ नंतरचं त्याचं हे पहिलं मेजर विजेतेपद.

आणि आपली अदिती अशोक! टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) लांब मारण्याच्या बाबतीत ती बहुतेकींच्या मागे होती. इतर जणी आयर्न काढायच्या तिथे तिला पुष्कळदा त्याहून मोठा क्लब घ्यावा लागायचा. तिने तो न लाजता घेतला आणि चौथी आली, पदक फक्त एका फटक्याने हुकलं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण काटकसरीसाठी वापरतो. अदितीने ती अचूकतेसाठी वापरली, असं मी म्हणेन.

दुसरी बाजू

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. बरीच ग्रीन मागून पुढे उतरती असतात. चेंडू फ्लॅगच्या मागे गेला तर परतीचा फटका उतारावरून मारावा लागतो, तो अवघड. त्यामुळे जुने खेळाडू 'होलच्या खालच्या बाजूला राहा' असं सांगतात. ते बरोबर आहे. पण होलच्या खाली राहणं म्हणजे ग्रीनवर राहणं, बंकरमध्ये नव्हे. आणि ग्रीनच्या मागे पाणी किंवा हद्द असेल तर एक क्लब जास्तचा नियम बाजूला ठेवावा. धोका कुठे आहे ते आधी बघायचं, मग आपली सरासरी त्यापासून लांब ठेवायची.

याचा आपल्याशी काय संबंध?

सिव्हिलवाल्यांना कळलंच असेल मी कुठे येते आहे. एम २० काँक्रीट करायचं असेल तर आपण २० ची सरासरी धरतो का? १५० मिलिमीटरचे क्यूब कधीच सगळे सारखे फुटत नाहीत. म्हणून मिक्स डिझाइनमध्ये २० मध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनच्या १.६५ पट मिळवतो. डेव्हिएशन ४ धरलं तर टार्गेट येतं २६.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तेव्हा कुठे २० च्या खाली जाणारे क्यूब शेकडा पाचापेक्षा जास्त नसतील अशी अपेक्षा ठेवता येते. सरासरीच २० ठेवली तर निम्मे क्यूब नापास!

गोल्फर याच्या बरोबर उलटं करतो. तो दहा क्यूबमधला सगळ्यात भारी क्यूब उचलतो आणि तोच आकडा ड्रॉइंगवर लिहितो. त्याच्या चुकीची किंमत एक फटका असते. आपल्या चुकीखाली उद्या माणसं राहणार आहेत.

आणि साइटवरही एक कॅडी असतोच. कधी तो मुकादम असतो, कधी क्यूब भरणारा लॅब असिस्टंट, कधी रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याने सगळे फटके पाहिलेले असतात. तो एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा सांगायचं त्याचं काम नाही असं आपणच त्याला शिकवलेलं असतं. म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं काम आपलं.

हॉस्टेललाही हा नियम लागू पडतो. "मागच्या सेमला एका रात्रीत पूर्ण जर्नल उतरवलं होतं" हा आपला दीडशे वारांचा फटका. त्या रात्री लाइट गेली नव्हती, पेन संपलं नव्हतं आणि रूममेटचा वाढदिवसही नव्हता. ती एक रात्र लक्षात राहते, बाकीच्या रात्री सबमिशनच्या रांगेत दिसतात.

थोडक्यात सांगायचं तर:

१. सर्वोत्तम आकडा आठवू नका, दहा वेळचे आकडे लिहा.
२. सरासरी काढा, आणि सगळ्यात वाईट आकडाही बघून ठेवा.
३. अलीकडे धोका असेल तर एक क्लब जास्त घ्या. पलीकडे असेल तर घेऊ नका.
४. शेजाऱ्याच्या काठीवरचा नंबर वाचू नका.
५. कॅडी 'सहा' म्हणाला तर निदान 'का?' एवढं विचारा.

यापुढे टीव्ही रूममध्ये गोल्फ लागलं तर दोन मिनिटं रिमोट खाली ठेवा. चेंडू हवेत असताना मनातल्या मनात सांगा, अलीकडे की पलीकडे. हौशी खेळाडू असेल तर 'अलीकडे' म्हणा, बहुतेक वेळा मेसमधली पैज तुम्हीच जिंकाल!